उंबऱ्यावरून देत नाहीत

शैलजा भोकरे यांच्या घराचा उंबरा पहिल्यांदा आत सरकला तो मंगळवारी सकाळी, बँकेचा माणूस घरी आला तेव्हा. त्या माणसानं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. मग उंबऱ्यानं त्या माणसाला ओलांडलं. उंबऱ्याबरोबर चौकट आत गेली, चौकटीबरोबर दार, दाराबरोबर पितळी पाटी आणि सकाळीच काढलेली रांगोळी. माणूस जागचा हलला नव्हता, तरी तो पुन्हा दाराबाहेर उभा होता, आणि भोकऱ्यांच्या हॉलमधली फरशीची एक ओळ जिन्याकडच्या बाजूला, सोसायटीच्या मोकळ्या जागेत गेली होती.

"असं होतं कधी कधी," तो माणूस म्हणाला. "मी हेरवाडे. वसुलीला असतो. हे पाकीट तुमच्या हातात द्यायचं आहे."

त्यानं पाकीट पुढं केलं. शैलजानं हात पदराखाली घेतला.

"उंबऱ्यावरून देत नाहीत, भाऊ. आत या."

हेरवाडे आत आला. उंबरा त्याला ओलांडून आणखी एक फरशी आत गेला.

"परत बाहेरच राहिलो की मी," हेरवाडे म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. दिवसभर लोकांच्या दारात उभं राहायची सवय असलेला माणूस तो.

आता कुणी म्हणेल, घ्यायचं की पाकीट, हात लांब करून. सांगणाऱ्याचं काय जातं. शैलजाला तिच्या आईनं लहानपणी बजावून ठेवलं होतं, द्यायचं-घ्यायचं ते माणसाला आत बोलावून, नाहीतर आपण बाहेर जाऊन. मधल्यामध्ये उंबऱ्यावरून हात पुढं केला की घराला कळेनासं होतं, आपलं माणूस कुठल्या बाजूला आहे ते. शैलजानं हे इतकं मनावर घेतलं होतं की कुरिअरवाल्यालाही ती आत बोलावून सही करायची आणि तो बिचारा बुटांच्या नाड्या सोडता सोडता घड्याळ बघायचा. या फ्लॅटला तर बिल्डरनं उंबराच दिला नव्हता. हल्ली देत नाहीत. हिनं हट्टानं सुताराकडून सागवानी करून घेतला, हळदीकुंकू वाहून बसवला आणि मगच दूध उतू घातलं.

शिवाय समोर मगदूम वहिनी राहत होत्या. जिन्यात पाऊल वाजलं की त्यांचं दार बोटभर उघडायचं आणि त्या फटीत एक डोळा दिसायचा. बँकेचा माणूस भोकऱ्यांच्या दारात उभा आहे, हे त्या डोळ्याला दिसायला नको होतं. शैलजा घाईघाईनं, दबल्या आवाजात म्हणाली, "आत या हो. बाहेर उभे राहू नका, लोक बघतात."

हेरवाडे तिसऱ्यांदा आत आला. या वेळी चपलांचा स्टँडही बाहेर गेला.

त्यानं पाकीट बॅगेत ठेवलं आणि प्यायला पाणी मागितलं. शैलजानं तांब्या-पेला उंबऱ्यावर ठेवला, त्यानं तो उचलला. टेकवून दिलेलं चालतं, हातात दिलेलं चालत नाही.

"मग पाकीटही इथंच टेकवा की," ती म्हणाली.

"ते हातातच द्यावं लागतं, वहिनी. येतो मी परत."

दुपारी दिगंबर भोकरे घरी आले. त्यांचा बेदाण्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना होता. दोन हंगामांपूर्वी तासगावच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं खोकी नेली आणि हात वर केले, तेव्हापासून मशीन झाकून ठेवलेलं होतं आणि घराचे हप्ते थकत होते. तरी ते रोज जेवणाचा डबा घेऊन कारखान्यात जात आणि जेवून परत येत. जिना चढून आल्यावर त्यांनी सवयीनं दार होतं तिथं कडी वाजवायला हात उचलला, तो हवेतच राहिला. मग थोडं पुढं चालून ते दाराशी आले.

"दार आत घेतलंस होय?"

"सरकलं."

"बरं झालं. पावसाचं पाणी यायचं नाहीतरी तिथं."

दिगंबरांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी बरं सापडायचं. याच गुणावर भाळून शैलजानं त्यांच्याशी लग्न केलं होतं आणि याच गुणापायी गोष्टी या थराला आल्या होत्या. त्यांच्यावर ओरडावं असं तिला फार वाटलं. पण तेवढ्यात बेळगावहून तृप्तीचा फोन आला.

तृप्ती त्यांची एकुलती एक मुलगी. तिला आठवा लागला की ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. आतली खोली तिची. ही खोली घराच्या अगदी टोकाला, हॉल आणि स्वयंपाकघर ओलांडल्यावर होती, आणि तिच्या छताला पाळण्याची कडी होती. स्लॅब पडत होता तेव्हा शैलजा स्वतः उन्हात उभी राहिली होती, कडी बसवल्याशिवाय मिस्त्रीला हलू दिलं नव्हतं तिनं. तेव्हा तृप्ती कॉलेजात होती आणि लाजून लाल झाली होती.

"आई, माझी खोली आवरलीस?"

"आवरलेलीच आहे. तू फक्त ये," शैलजा म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिनं आतल्या खोलीत जाऊन वर बघितलं. कडी जागेवर होती.

हेरवाडे पुढच्या आठवड्यात आला तो चांगली बातमी घेऊन. साहेब हप्ते लहान करून द्यायला तयार होते. मुदत वाढेल, पण घर राहील. फक्त घर केवढं आहे ते मोजून आणायला सांगितलं होतं. शैलजाला इतकं हायसं वाटलं की तिचे डोळे भरून आले. त्याच्यासाठी चहा टाकावा, की आधी देवाला साखर ठेवावी, हे तिला सुचेना.

हेरवाडेनं पिशवीतून टेप काढला. "हे टोक धरून तुम्ही मागच्या भिंतीपर्यंत जाता का?"

"उंबऱ्यावरून कसं घेऊ? तुम्ही आत या."

तो आत आला. उंबरा त्याला ओलांडून गेला. हेरवाडेनं आत येता येता मोजून लिहिलेला आकडा बघितला, मग दाराकडं बघितलं आणि खोडरबर काढून आकडा पुसला.

"आता हे खोटं झालं, वहिनी. मी खोटं लिहून नेत नाही."

"मग परत मोजा."

"परत आत यावं लागेल."

"या की."

तो मोजायला आला की घर कमी व्हायचं आणि घर कमी झालं की त्याला परत मोजायला यावं लागायचं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. दर वेळी शैलजा दार उघडताच आधी मगदूम वहिनींच्या फटीकडं बघायची आणि मग घाईनं म्हणायची, "या, आत या." टीव्ही बाहेर गेला. शोकेस बाहेर गेली, तिच्यातल्या तृप्तीच्या वक्तृत्वाच्या ढाली बाहेर गेल्या. मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्याच दिवशी कुणाचीतरी सायकल आली. झाडूवाली बाई भोकऱ्यांचा हॉल झाडायला लागली, कारण तो आता हॉल नव्हता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी निरोप पाठवला की सामायिक जागेत सोफा ठेवू नये.

सोफ्यावर त्या वेळी दिगंबर बसले होते. त्याच सकाळी ते पेपर वाचत असताना उंबरा त्यांना ओलांडून गेला होता. त्यांनी पान उलटलं, मग मान वर करून बघितलं, तर बायको दाराच्या आत आणि आपण बाहेर. ते उठून दाराशी आले. पाय उचलला, पण तो पलीकडं पडेना. आता न बोलावता कुणालाच त्या उंबऱ्यावरून आत येता येत नव्हतं, आणि बोलावलेलं माणूस आत राहत नव्हतं.

"अहो," शैलजा म्हणाली. पुढचं ती बोलली नाही. 'आत या' म्हटलं असतं तर आणखी एक ओळ गेली असती.

"असू दे," दिगंबर म्हणाले. "इथं वारा लागतो."

शैलजाला रडू कोसळलं. परक्या माणसाला उठता-बसता आत बोलवायचं आणि स्वतःच्या नवऱ्याला बोलवायची चोरी. दिगंबर उंबऱ्याच्या पलीकडं उभे राहून ती रडायची थांबेपर्यंत थांबले. तिचे डोळे पुसायला त्यांचा हात पुढं आला आणि उंबऱ्याशी येऊन थबकला. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून उंबऱ्यावर ठेवला. तिनं तो उचलला.

"तुम्हीच बाहेर या ना, वहिनी," हेरवाडे एकदा म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता. "मोजायला सोपं पडेल. कागद द्यायलाही."

"बाहेर आले तर?"

त्यानं चष्मा पुसला. "आत कुणी नसलं तर त्याला आम्ही रिकामी जागा म्हणतो."

तेव्हापासून शैलजा दाराबाहेर पडली नाही. भाजी दिगंबर आणत आणि उंबऱ्यावर ठेवत. ती चहा उंबऱ्यावर ठेवी. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून चहा पीत, आणि शैलजाला वाटे, लग्नानंतर इतक्या गप्पा आपण कधी मारल्या नव्हत्या. त्या गप्पांतही ती मधूनच थांबून उंबऱ्याच्या कडेला बोट लावून बघायची, सरकत तर नाही ना.

एक दिवस मगदूम वहिनी त्यांचं दार सताड उघडून बाहेर आल्या. भोकऱ्यांच्या पूर्वीच्या हॉलमधून, सायकलीच्या बाजूनं, त्या सरळ स्वयंपाकघराच्या तोंडाशी आलेल्या दारापर्यंत चालत आल्या. हातात सांडग्यांची परात होती.

"तुमच्या इकडं ऊन चांगलं येतं. वाळत घातले तर चालतील?"

"ती जागा माझी राहिली नाही, वहिनी."

"तरी विचारावं." त्यांनी परात खाली ठेवली. "तुमचं एका अर्थी बरं आहे. तुमचं फरशीफरशीनं तरी चाललंय. तळमजल्यावरच्या पाटणकरांच्या दाराला उंबरा नव्हता. ते दोघं सकाळी फिरायला गेले आणि परत आले, तर दाराच्या जागी भिंत. गिलावा वाळलेला."

पाटणकर गावाला गेलेत, असं शैलजा समजून चालली होती.

"तुम्हाला आमचं कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आत बोलावलंत कुठं?" मगदूम वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला नको असेल. हेरवाडे आमच्याकडंही येतो. गुरुवारी. तो जिन्यात दिसला की मी आधी फटीतून बघते, तुम्ही बघत नाही ना. मग त्याला आत घेते."

शैलजाच्या तोंडात कितीतरी शब्द आले. बसा, चहा घ्या, आत या. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मगदूम वहिनी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि सांडगे पसरायला लागल्या.

स्वयंपाकघर गेलं तेव्हा कुकर गॅसवर होता. शिट्ट्या बाहेर व्हायला लागल्या आणि दिगंबरांनी गॅस बंद केला. देव शैलजानं आधीच ताम्हनात घालून आत आणले होते. दिगंबरांनी कारखान्यातून खोकी आणून उंबऱ्यावर ठेवली, तिनं ती उचलून आतल्या खोलीत एकावर एक रचली. प्रत्येक खोक्यावर द्राक्षाच्या घडाचं चित्र होतं. एकात दुपटी, एकात कुंच्या-झबली, एकात वेखंड, बाळहरडा आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. तृप्तीची खाट कडीच्या खाली होती आणि तिच्या पायथ्यापासून वीतभर अंतरावर आता घराचं दार होतं. दारावर पितळी पाटी चकचकत होती. शैलजा ती रोज चिंचेनं घासायची.

"झालं काम," हेरवाडे म्हणाला. त्याच्या अंगावर नवीन शर्ट होता. "साहेबांनी मंजुरी दिली. खोली तर खोली, म्हणाले. हप्ता अगदी छोटा. तुमची सही झाली की उंबरा आहे तिथं थांबेल."

"कुठं करायची सही?"

"या कागदावर." त्यानं कागद पुढं केला. "हातात घ्यावा लागेल."

शैलजानं कागदाकडं बघितलं, मग खाटेकडं. त्याला आत बोलावलं तर फरशीची एक ओळ जाणार, आणि तिच्याबरोबर खाट. बाहेर जावं तर खोली रिकामी. तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली. या माणसाला आपण इतक्यांदा बोलावलं, त्यातलं एक बोलावणं आज शिल्लक असतं तर, असं तिला वाटलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

"उद्या चालेल," हेरवाडे म्हणाला. "परवा साहेब बदलतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून रिक्षाचा आवाज आला. तृप्ती पुढच्या आठवड्यात यायची होती. पण डॉक्टरांनी प्रवास लवकर करा म्हणून सांगितलं, जावईबापूंना रजा मिळाली नाही, आणि पोरगी एकटीच बसमध्ये बसली. अशी ती आधीपासूनच. जिन्यात तिला हेरवाडे भेटला आणि तिच्या पोटाकडं बघून त्यानं न विचारता तिची बॅग उचलली.

शैलजाला तिची पावलं ऐकू आली. जिना संपला. पावलं हॉलमधून आली, सायकलीपाशी थबकली, टीव्हीपाशी थबकली.

"बाबा, तुम्ही इथं काय करताय?"

"बसलोय. वारा लागतो इथं."

पावलं ओट्यापाशी आली. मग दार वाजलं. शैलजानं आदल्या रात्रीच्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेतला आणि दार उघडलं.

तृप्ती दारात उभी होती. चेहरा भरला होता, पाय सुजून चपलांच्या पट्ट्यांतून वर आले होते, आणि ती इतकी छान दिसत होती की शैलजा क्षणभर सगळं विसरली. भाकरतुकडा तिनं लेकीवरून उतरवला. हात उंबऱ्यावरून नको म्हणून तो आतल्या बाजूनंच, लांबून फिरवला. तुकडा तिच्या डोक्यावरून पलीकडं टाकला. मग वाकून उंबऱ्याच्या कडेनं पाणी सोडलं. ते तृप्तीच्या पायांवर गेलं आणि बाहेरच्या फरशीवर पसरलं.

"दमले गं," तृप्ती म्हणाली. "ये म्हण की."

शैलजाच्या पाठीला खाटेची कड लागत होती. तृप्तीच्या मागं दिगंबर येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मागं हेरवाडे, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कागद. त्यांच्याही मागं, लांब जिन्याजवळ, मगदूम वहिनींचं दार सताड उघडं होतं.

"आई, काय झालं? मी येऊ नको का?"

"असं बोलू नये."

"मग बोलाव ना."

"बोलावलं तर तू बाहेर राहशील."

तृप्तीनं हे ऐकलं. ती याच आईची मुलगी होती. तिनं उंबऱ्याकडं बघितलं, खाटेकडं बघितलं, वर कडीकडं बघितलं. मग तिचा चेहरा पिळवटला. तिनं एक हात कमरेवर दाबून धरला आणि दुसरा चौकटीला लावला.

"वहिनी, तुम्ही बाहेर या," हेरवाडे म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला.

"शैला," दिगंबर म्हणाले. पुढं त्यांना काही बरं सापडलं नाही.

तृप्तीनं चौकट सोडली आणि हात पुढं केला. तो उंबऱ्याच्या बरोबर वर, दोघींच्या मधोमध थांबला. बोटं सुजलेली होती, अंगठी रुतली होती.

"आई, हात दे."

शैलजानं पदर खोचला आणि हात दिला. तृप्तीची बोटं तिच्या मनगटावर घट्ट मिटली. वर छताला कडी वाजली. दोघींच्या हातांखाली उंबरा जागचा हलला, थोडा आत, थोडा बाहेर, पुन्हा थोडा आत.